दोन पाटल्या, दोन खोकी



गेल्या महिन्यात विट्याला एका घरी शांतिविधानाला गेले होते. पंगतीत शेजारी बसलेल्या काकूंनी हळूच विचारलं, "तू म्हणे जुने स्पीकर उघडून दुरुस्त करत बसतेस? बायकांचं काम आहे का ते? आणि असल्या वस्तू घरात ठेवायच्या म्हणजे परिग्रहच की!" तेवढ्यात वाढपी आमटी घेऊन आला आणि उत्तर द्यायचं राहून गेलं. पहिल्या प्रश्नाचं मला काही वाटलं नाही. दुसरा मात्र घरी येईपर्यंत डोक्यात राहिला, कारण तोच प्रश्न २०२४ साली माझ्या सासूबाईंनी मला विचारला होता. त्याचं उत्तर एका वाक्यात देता येत नाही, म्हणून आज सविस्तर लिहिते.

आमच्या कडेगावच्या घरी माळ्यावर दोन लाकडी खोकी होती. गुडघ्याच्या वर येतील एवढी उंच, सागवानी रंगाची, पुढच्या बाजूला काळं जाळीदार कापड ताणलेलं. माझे सासरे, आण्णा, किर्लोस्करवाडीला नोकरीला होते. १९८३ साली त्यांनी मुंबईहून स्टीरिओ आणला. तबकड्या वाजवायचं यंत्र, अ‍ॅम्प्लिफायर आणि हे दोन स्पीकर. तेव्हा घराघरांत मर्फी, बुश, फिलिप्सचे रेडिओ असायचे आणि एकाच खोक्यातून आवाज यायचा. दोन खोक्यांचा स्टीरिओ असणं म्हणजे मोठी गोष्ट. सोनोडाइन, कॉस्मिक अशी नावं लोक जाहिरातीत वाचायचे आणि पान उलटायचे. आण्णांनी पान उलटलं नाही.

मी लग्न होऊन आले तेव्हा सेट सोप्यावर होता, पण वाजत नव्हता. पुढे टीव्हीला जागा हवी म्हणून खोकी माळ्यावर गेली. आण्णा जाऊनही सहा वर्षं झाली होती.

त्या वर्षी आषाढी एकादशी आणि मोहरम एकाच दिवशी, १७ जुलैला आले होते. आमच्या कडेगावचे उंच ताबूत तुम्हांला माहीतच आहेत. गावात पाहुण्यांची गर्दी होती, आणि आपली आषाढातली अष्टान्हिकाही चालू होती. त्याच आठवड्यात आईंनी परिग्रह परिमाणाचा नियम घेतला. पाच अणुव्रतांतलं हे पाचवं. आपल्याला किती लागतं त्याची मर्यादा ठरवायची आणि तिच्यापुढे जायचं नाही. आईंनी शंभर पानी वही आणली आणि घरात फिरून एकेक वस्तू लिहायला सुरुवात केली. साड्या बारा, स्वेटर एक, तांब्ये दोन, चटई एक. ठेवायचं ते डाव्या पानावर, बाहेर काढायचं ते उजव्या पानावर.

उजव्या पानावर सगळ्यांत वर लिहिलं होतं: माळ्यावरची खोकी, दोन.

"दशलक्षणाच्या आत ही घरातून गेली पाहिजेत," आई म्हणाल्या. "भंगारवाला आला की दे."

मी म्हटलं, "आई, आधी बघू तर दे, चालू असतील तर कुणाच्या उपयोगाला येतील."

"उपयोग कशाला बघतेस? परिग्रह तो परिग्रह."

तरी मी खोकी खाली उतरवली. माझे वडील रेडिओ दुरुस्त करायचे. त्यांच्या शेजारी बसून मी लहानपणीच डाग द्यायला, म्हणजे सोल्डरिंग करायला शिकले होते. लग्नानंतर तो हात बसूनच होता. खरं सांगायचं तर खोकी बघितल्यावर पहिल्यांदा तो हातच शिवशिवला, उपयोगाचा विचार नंतर आला.

आपल्याकडे कुठलीही वस्तू उचलताना आणि ठेवताना बघून, झाडून घ्यायची शिकवण आहे. मुनिमहाराज पिंछी वापरतात ती त्यासाठीच. आदाननिक्षेपण समिती आपण पाठशाळेत पाठ केलेली असते, पण ती कामाला कधी येते? जुनं खोकं उघडताना येते. बरीच वर्षं माळ्यावर पडलेल्या खोक्यात काय काय राहत असेल! मी दोन्ही खोकी सकाळी परड्यात सावलीला ठेवली, रंगाचा मऊ ब्रश घेतला आणि कापडावरच्या, कडेच्या मुंग्या आणि कसर हलक्या हाताने पानावर घेऊन बाजूला सोडली. मग स्क्रू काढून पहिलं खोकं उघडलं.

मोठ्या स्पीकरचा पुठ्ठ्याचा शंकू धड होता. पण शंकूच्या भोवती फोमची जी वाटोळी पट्टी असते, लुगड्याला काठ असावा तशी, तिला बोट लावलं तर शिळ्या पुरणासारखा चिकट भुगा हाताला आला.

स्पीकर कसा चालतो ते थोडक्यात सांगते, म्हणजे पुढचं कळेल. शंकूच्या टोकाला बारीक तार गुंडाळलेली एक नळी असते, तिला कॉइल म्हणतात. ती चुंबकाच्या एका अरुंद फटीत अधांतरी असते, कुठेही न टेकता. तारेत वीज आली की कॉइल मागेपुढे हलते, तिच्याबरोबर शंकू हलतो, शंकू हवा ढकलतो आणि आपल्याला आवाज ऐकू येतो. अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकमधल्या राइस आणि केलॉग या दोघांनी १९२५ साली हा प्रकार पुढे आणला. तुमच्या मोबाईलमधला चिमुकला स्पीकरही आजतागायत त्याच तत्त्वावर चालतो. शंकूला हलायला मोकळीक हवी आणि तरी तो जागचा सरकायला नको, ही दोन्ही कामं ती काठाची पट्टी करते. सत्तर-ऐंशीच्या दशकात पुष्कळ कंपन्या ही पट्टी पॉलियुरेथेन फोमची करायच्या. हा फोम हवेतल्या दमटपणाने आतून तुटत जातो. स्पीकर वाजवा नाहीतर झाकून ठेवा, पंधरा-वीस वर्षांत त्याचा भुगा होतोच. आमचे स्पीकर वापरून झिजले नव्हते. नुसते पडून कुजले होते.

दुसरं खोकं उघडण्याआधी त्याच्या पुढच्या गोल भोकातून मी बॅटरीचा उजेड टाकला. आतल्या फळीला वाटाण्याएवढी दोन पांढरी अंडी चिकटलेली दिसली. पालीची.

मी तशीच उठले आणि आईंना बोलावलं. त्यांनी चष्मा लावून वाकून बघितलं. पालीची अंडी फळीला घट्ट चिकटलेली असतात, काढायला गेलं तर फुटतात. खोकं भंगारवाल्याच्या गाडीवर टाकलं तर काय होणार ते सांगायला नको. आई दोन मिनिटं काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "आता पिल्लं बाहेर पडेपर्यंत ह्याला हात लावायचा नाही. परड्यातनं उचलून आत आण, हळू. पावसात नको."

"आणि दशलक्षणाच्या आत...?"

"बघू," असं म्हणून त्या स्वयंपाकघरात गेल्या.

अशी त्या खोक्यांना मुदतवाढ मिळाली. ज्या नियमापायी ती बाहेर जाणार होती, त्याच्याही आधीच्या नियमाने ती वाचली. पाच अणुव्रतांत अहिंसा पहिली येते.

दुसरं खोकं सोप्याच्या कोपऱ्यात ठेवलं आणि मी पहिल्याच्या मागे लागले. स्पीकर पिशवीत घालून एसटीने सांगलीला गेले. तिथल्या एका वयस्कर कारागिरांनी बघून सांगितलं, "ताई, फोम कशाला, चामड्याची पट्टी लावतो. मेंढीचं मऊ कातडं असतं, जन्मभर बघायला नको." त्यांनी खरंच चांगल्या मनाने सांगितलं, आणि जुन्या स्पीकरला कातडं लावायची पद्धत आहेही. पण मी म्हटलं, "आमच्यात चालत नाही." ते हसले, "मग फोमच लावा. वीस वर्षांनी पुन्हा या." जुन्या लाकडी खोक्यांचे सांधेही पूर्वी सरसाने जोडायचे, आणि सरस म्हणजे जनावरांची हाडं आणि कातडी उकळून केलेला डिंक. हे आपल्या लक्षातही येत नाही. आमच्या खोक्याचा एक सांधा सुटला होता, तो मी फेव्हिकॉलने बसवला.

त्या दिवशी सांगलीहून मिरजेला गेले. सतारमेकर गल्लीत मी पूर्वी कधी गेले नव्हते. मिरजेच्या सतारी आणि तंबोरे देशभर जातात, आणि त्याच २०२४ साली त्यांना भौगोलिक मानांकनही मिळालं. एका दुकानात एक मुलगा तंबोऱ्याच्या तडकलेल्या भोपळ्याला आतून चिंध्या लावून सांधत होता. मी दारात उभी राहून बघत होते. त्याला म्हटलं, "नवा भोपळा नाही का लावत?" तो म्हणाला, "ह्याचा आवाज मुरलाय, नवा लावून काय करू?" तंबोऱ्याच्या घोड्या पूर्वी हस्तिदंताच्या, हाडाच्या, शिंगाच्या असायच्या. आता लाकडाच्याही मिळतात. आपला संयम पाळूनही सूर जुळतो हे बघून बरं वाटलं.

फोमच्या पट्ट्या मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून टपालाने मागवल्या. तुम्हांला कधी मागवायच्या झाल्या तर एक लक्षात ठेवा. "आठ इंची स्पीकर" एवढं सांगून भागत नाही. शंकूची रुंदी, लोखंडी कड्याची आतली आणि बाहेरची रुंदी, ही सगळी मापं मिलिमीटरमध्ये द्यायची. ब्लाउजचं माप देताना आपण नुसतं "मध्यम" म्हणतो का?

आता माझ्या चुका सांगते. स्पीकरमागे मोठा चुंबक असतो हे मला माहीत होतं. तरी स्क्रू काढताना स्क्रूड्रायव्हर हातातून ओढला गेला आणि शंकूतून आरपार गेला. करंगळीएवढं भोक. मला रडायलाच आलं. वडील असते तर त्यांनी काय केलं असतं याचा विचार केला. पातळ टिश्यू कागदाचे दोन तुकडे हाताने फाडले, कातरले नाहीत, कारण फाडलेली कड बेमालूम चिकटते. पाणी घातलेल्या फेव्हिकॉलने एक पुढून आणि एक मागून लावला. गोधडीला ठिगळ लावतो तसंच. आजही जवळून बघितलं तर दिसतं, ऐकू मात्र येत नाही.

दुसरी चूक घाईची. जुना भुगा आणि डिंक पूर्ण खरवडून काढायचा, मग शंकूच्या मध्यावरची टोपी ब्लेडने अलगद सोडवायची, आणि कॉइल फटीच्या बरोबर मध्ये राहावी म्हणून आत कागदाच्या पट्ट्या खोवायच्या. मग नवा फोम चिकटवायचा आणि वाळल्यावर पट्ट्या काढायच्या. उन्हाळ्यात एक दिवस पुरतो. आषाढातल्या हवेत मी एका रात्रीतच पट्ट्या काढल्या. शंकू दाबून बघितला तर आतून खर्र खर्र. कॉइल फटीला घासत होती. सगळं सोडवून नव्या पट्टीने पुन्हा केलं आणि या वेळी दोन दिवस हात लावला नाही. चिकटवल्यावर वाट बघणं हाच या कामाचा मोठा भाग आहे.

काम मी दिवसाउजेडीच करायचे, स्वयंपाक आवरून अकरा ते चार. पावसाळ्यात दिव्यावर किडे येतात आणि डाग द्यायची कैची तापलेली असते, म्हणून सूर्यास्तानंतर काहीच नाही. डाग द्यायच्या तारेत शिसं असतं, त्यामुळे जागा स्वयंपाकघरापासून लांब, खिडकी उघडी आणि उठल्यावर हात साबणाने धुवायचे. मुलांना जवळ बसू द्यायचं नाही.

श्रावणात पहिला स्पीकर तयार झाला. मुलीचा छोटा अ‍ॅम्प्लिफायर जोडून मी हळू आवाजात लावून बघितला. आई सोप्यावर शेंगा निवडत होत्या. आवाज सुरू झाला तशा उठल्या, सूप घेऊन परड्यात गेल्या. दुसऱ्या दिवशी तेच झालं, तिसऱ्या दिवशीही. चौथ्या दिवशी मी बंद करून त्यांच्या मागे गेले.

"आई, आवाजाचा त्रास होतोय का? डोकं दुखतंय?"

"नाही."

"मग?"

बराच वेळ त्या शेंगा फोडत राहिल्या. मग म्हणाल्या, "ती खोकी म्हणजे माझ्या पाटल्या आहेत."

मला काही कळेना.

"माझ्या आईनं घातलेल्या होत्या. दोन. ह्यांनी कपाटातनं काढून नेल्या. विचारलं नाही. संध्याकाळी टेम्पोतनं खोकी उतरली, तीपण दोन. आळीतली माणसं बघायला जमली. मी सगळ्यांना चहा केला." त्यांनी सुपातली फोलं पाखडली. "त्यानंतर ते वाजायला लागलं की मी कधी त्या खोलीत बसले नाही."

"आण्णांना बोलला नाहीत कधी?"

"काय बोलायचं? त्यांनी पुढं दुसऱ्या करतो म्हणून सांगितलं. मग मुलांची शिक्षणं आली. मी त्यांना क्षमा केली म्हणायची दर वर्षी, क्षमावाणीला. हात जोडायची. तोंडानं म्हणायची." त्या थांबल्या. "नियम घेताना वाटलं, खोकी गेली की सुटेल सगळं."

मैत्रिणींनो, त्यावर मला काही बोलता आलं नाही. सुनेने काय बोलावं? मी बसून त्यांच्याबरोबर शेंगा निवडल्या. पण मनात आलं, माळ्यावर झाकून ठेवलेली ती पट्टी जशी न वापरताच कुजली, तसंच हेही एक्केचाळीस वर्षं न बोलता, न हात लावता आत पडून होतं. भंगारवाल्याला खोकी देता येतात, राग देता येत नाही. आणि मीही मनाशी कबूल केलं की आईंचं "परिग्रह" ऐकून मी मनातल्या मनात थोडी हसले होते. या बाईंना संगीताची आवड नाही, असं मी इतकी वर्षं धरून चालले होते.

मी विचारलं, "काम बंद करू का?"

"कशाला? अंडी आहेत ना दुसऱ्यात," एवढंच त्या म्हणाल्या.

श्रावण संपत आला तेव्हा एका सकाळी आईंनीच हाक मारली. त्या रोज आंघोळीनंतर बॅटरी घेऊन भोकातून बघायच्या, हे मला तोवर माहीतच नव्हतं. एक अंडं रिकामं होतं. चार दिवसांनी दुसरंही. एक पिल्लू खोक्याच्या मागच्या भिंतीवर दिसलं, बोटाच्या पेराएवढं. आई म्हणाल्या, "आता उघड."

दुसऱ्या खोक्याला वेळ कमी लागला, कारण चुका करून झाल्या होत्या. दोन्ही खोक्यांत बारीक आवाजाच्या स्पीकरकडे जाणाऱ्या तारेत एकेक कपॅसिटर असतो. जाड आवाज तिकडे जाऊ नयेत म्हणून अडवणारा. तोही कालांतराने आतून सुकतो. त्याच आकड्याचा नवा आणून बसवला. वीस-तीस रुपयांची वस्तू, पण आवाजावरचा पडदा उठल्यासारखा वाटला.

दशलक्षणाच्या दहा दिवसांत रोज मंदिरात तत्त्वार्थसूत्राच्या एकेका अध्यायावर विवेचन असतं. पाचव्या दिवशी पाचवा अध्याय, अजीव तत्त्वांचा. शब्द, म्हणजे ध्वनी, हा पुद्गलाचा एक पर्याय आहे, असं त्यात येतं. वैशेषिक मताचे लोक शब्दाला आकाशाचा गुण मानायचे. आपल्या आचार्यांनी सांगितलं की नाही, शब्द हा पुद्गलच आहे, तो आदळतो, अडतो. इतकी वर्षं हे मी नुसतं ऐकलं होतं. या वेळी बोटांना आठवत होतं. शंकूवर हलकं बोट ठेवलं की आवाज बोटाला ढकलतो. भिंतीला लावून ठेवलं तर घुमतो, गादीत शिरला तर मरतो. दिसत नाही म्हणून ते काही नाही असं नाही. आणि आत साठलेल्या कषायांचंही तसंच, असं शेजारी बसलेल्या आईंकडे बघून मला वाटलं.

दशलक्षणाच्या आत खोकी घराबाहेर जाणार होती. दहा दिवस गेले, अनंत चतुर्दशी झाली, खोकी सोप्यावरच होती. आईंनी वही काढली नाही, मीही विषय काढला नाही.

भाद्रपद वद्य प्रतिपदेला क्षमावाणी. सकाळी मंदिरात, मग घरोघरी एकमेकांना हात जोडून झालं. दुपारी सगळे झोपल्यावर आई सोप्यावर आल्या आणि समोरच्या खुर्चीत बसल्या. "लाव," म्हणाल्या. "ह्यांची ती भीमसेनांची होती ना, अभंगांची."

तबकड्यांचं यंत्र अजून दुरुस्त झालेलं नव्हतं, म्हणून मी मोबाईलवरून लावलं. आवाज आला, पण काहीतरी बिघडलं होतं. तबला पोकळ, आवाज खोलीभर विसकटलेला, कुठून येतोय तेच कळेना. मग माझ्या लक्षात आलं. एका स्पीकरच्या तारा मी उलट जोडल्या होत्या. एक शंकू पुढे येताना दुसरा मागे जात होता आणि दोघं एकमेकांचा आवाज खात होते. घड्याळाचा दीड व्होल्टचा सेल लावून बघितलं. तारा बरोबर असतील तर शंकू पुढे येतो. एकाचा आला, दुसऱ्याचा मागे गेला. तारा बदलल्या आणि पुन्हा लावलं.

आई डोळे मिटून ऐकत होत्या. थोड्या वेळाने म्हणाल्या, "खोक्यांतनं आवाज येत नाही की गं. मधनं येतोय. मधे माणूस बसल्यासारखा."

स्टीरिओची सगळी करामत तीच. दोन्ही स्पीकर सारखे आणि एका दिशेने हलले की गायक मधल्या मोकळ्या जागेत बसलेला भासतो. पण मी ते समजावलं नाही. त्या दोन खोक्यांच्या मधल्या जागी आण्णा भिंतीला टेकून बसायचे, हे मला यांच्याकडून नंतर कळलं.

अभंग संपला. आईंनी त्या रिकाम्या जागेकडे बघत हात जोडले. तोंडाने काही म्हटलं की नाही, मला ऐकू आलं नाही. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "आवाज चांगला आहे. पाटल्याही चांगल्या होत्या."

आणि आम्ही दोघी हसलो. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, पण त्या हसत होत्या.

संध्याकाळी जेवणं लवकर आटोपल्यावर त्यांनी वही आणली. उजव्या पानावरचं "माळ्यावरची खोकी, दोन" यावर रेघ मारली. मला वाटलं, आता डाव्या पानावर लिहितील. त्यांनी वही मिटली आणि म्हणाल्या, "माझ्या परिग्रहातनं गेली. आता ती तुझी. तुझ्या वहीत लिही." माझी वहीच नव्हती. दुसऱ्या दिवशी घेतली.

तर काकूंच्या प्रश्नाचं उत्तर. हो, हा परिग्रह आहे, आणि हा छंद मोहाचाही आहे. हातात स्क्रूड्रायव्हर आला की वेळेचं भान जातं, सामायिकाला बसल्यावर कपॅसिटरचे आकडे आठवतात. ते मला आवडत नाही, म्हणून मी मर्यादा घातली आहे. घरची जोडी सोडून एका वेळी एकच जोडी दुरुस्तीला घ्यायची. ती पुरी होऊन घराबाहेर गेल्याशिवाय दुसरी आणायची नाही. विकायची नाही. आतापर्यंत दोन जोड्या झाल्या. एक माझ्या माहेरच्या गावच्या पाठशाळेत आहे, दुसरी कराडला गाणं शिकवणाऱ्या एका बाईंकडे. दशलक्षण, अष्टान्हिका आणि अष्टमी-चतुर्दशीला कामाला हात नाही.

पण टाकून देणं म्हणजे त्याग, असं मात्र मला आता वाटत नाही. नको झालेली वस्तू आपण नजरेआड करतो, ती कुठेतरी जाऊन पडते आणि तिच्या जागी आपण नवी आणतो. त्याला त्याग कसं म्हणायचं? आधी ती वस्तू उघडून बघावी लागते. तिच्यात कोण राहतंय, काय कुजलंय, काय अजून धड आहे. मग ती ठेवायची की द्यायची ते ठरवावं. आईंनी खोकी त्याच आषाढात भंगारात दिली असती तर वहीतली एक ओळ कमी झाली असती, बाकी सगळं तसंच राहिलं असतं.

तुमच्या माळ्यावर असे स्पीकर असतील तर एवढं करून बघा. आधी बॅटरीने आत बघा, जीवजंतू असतील तर थांबा. काठाच्या पट्टीला हलकेच बोट लावा. भुगा झाला तर ती बदलता येते, शंकू फाटला तरी सांधता येतो. साध्या मीटरने तारांची दोन टोकं तपासा. आठ ओहमच्या स्पीकरला सहा-सातच्या आसपास आकडा आला तर कॉइल जिवंत आहे. काहीच आकडा आला नाही तर मात्र जाणकाराकडे न्या. आणि ती खोकी घरात कशी आली, कुणाच्या पैशाने आली, हे घरातल्या मोठ्या बाईला एकदा विचारा.

आई सध्या दुपारी खुर्ची ओढून मधोमध बसतात. त्यांना आता काय लावू म्हणून विचारावं लागत नाही, त्याच सांगतात.

जय जिनेंद्र.